शिरोलीची नोकरी सोडून घरातून कॅडचं फ्रीलान्स काम: दीड वर्ष वापरून झाल्यावर

पाचपैकी साडेतीन. कामाला साडेचार आणि पैसे हातात पडण्याला अडीच, त्याची ही सरासरी.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे कुणी आपल्या धंद्याला हे जसंच्या तसं लावणार नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, डिझाईनला बरीच वर्षं, आणि गेलं दीड वर्ष कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातून. कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, कास्टिंगची (ओतीव भागांची) थ्रीडी मॉडेल्स, मशिनिंगची आणि पॅटर्नची (ज्यावरून वाळूत साचा पाडतात तो नमुना) ड्रॉइंग्ज, जुन्या कागदी ड्रॉइंगवरून नवीन मॉडेल, असलं काम. घरबसल्या कमाईवर लिहिणारे बहुतेक कंटेंटवाले नाहीतर वेबसाइटवाले असतात. लोखंडाशी संबंधित काम घरातून करणाऱ्यांचं फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा पाल्हाळ लावतेय.

पहिली अडचण पोर्टफोलिओची. नोकरीत केलेलं एकही ड्रॉइंग दाखवता येत नाही, ते कंपनीचं आणि कंपनीच्या गिऱ्हाइकाचं. सगळे सांगतात, सॅम्पल प्रोजेक्ट करा. मग जो तो तोच गिअरबॉक्स आणि तोच ड्रोन करून ठेवतो. आमच्या गावाकडच्या गोठ्यामागं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, छोट्या कारखान्यांच्या भागात, बनलेलं एक जुनं ऑईल इंजिन पडून होतं. त्याचं हेड सोडवून आणलं, रॉकेलनं धुतलं, व्हर्नियर लावून मापं घेतली आणि त्याचं मॉडेल, कास्टिंग ड्रॉइंग, कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बनवायची पेटी) असा पूर्ण संच केला. शेजारी गंजलेल्या हेडचा फोटो लावला. पुढं ज्यांनी कामं दिली त्यांतल्या निम्म्यांनी बोलणं त्या हेडवरूनच सुरू केलं. ज्यांच्या गावात जुनी मशिनरी अशी पडून आहे त्यांनी ड्रोनच्या वाटेला जाऊ नये.

आता प्लॅटफॉर्म, म्हणजे काम आणि गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या वेबसाइट. मी अपवर्क वापरते. फायव्हर बघितलं होतं, पण तिथं विकणाऱ्याच्या कमाईतून सरळ २० टक्के कापतात आणि 'अमुक डॉलरात तमुक' असं पाकीट करून ठेवायचं असतं. कास्टिंगचं काम तसं पाकिटात बसत नाही. अपवर्कवर कमिशन पूर्वी सरसकट १० टक्के होतं, मे २०२५ पासून नव्या कामांना कामागणिक ० ते १५ टक्के. शिवाय अर्ज करायलाही पैसे. त्याला कनेक्ट्स म्हणतात, एकाला १५ सेंट, आणि एका अर्जाला असे बरेच लागतात. सुरुवातीचे महिने ही रक्कम नुसती जात राहते. ती दुकानाचं भाडं समजा, नाहीतर रोज जीव तुटेल.

त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे ठरावीक रकमेच्या कामात गिऱ्हाईक पैसे आधी भरून ठेवतं. काम पाठवल्यावर त्यानं १४ दिवस काहीच उत्तर दिलं नाही तर पैसे आपोआप सुटतात, आणि मग पाच दिवसांनी काढता येतात. तासावरच्या कामात अपवर्कचं अॅप साधारण दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेतं. काहींना चालतं, मला नाही. कास्टिंगचं काम करणारा माणूस निम्मा वेळ कागदावर पेन्सिल फिरवत बसलेला असतो, त्याचा फोटो कोण काढणार?

अमेरिकेचं काम हळूहळू कमी केलं. पैसा बरा, पण न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, थंडीत साडेदहा. रात्री अकराला मीटिंग, सकाळी सहाला दूधवाला. युरोप साडेतीन-साडेचार तासांवर आहे, दुपारनंतर बसलं की झालं. दुसरं असं की पार्टच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर कुठं मांडायच्या याच्या दोन पद्धती आहेत, आणि अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये, बऱ्याचदा इंचात. आपलं आणि युरोपचं फर्स्ट अँगल, मिलिमीटर. सवयीनं जमतं सगळं, पण इथल्या पॅटर्नवाल्याकडं थर्ड अँगलचा कागद गेला आणि कोपऱ्यातलं चिन्ह कुणी बघितलं नाही, तर बॉस, म्हणजे पार्टवरचा उंचवटा, उलट्या बाजूला येतो.

ज्यासाठी मी साडेचार गुण दिले ते मात्र परदेशी काम नाही. ते उद्यमनगरातलं आहे. सुरुवातीला मला वाटायचं की फ्रीलान्स म्हणजे डॉलर, इथले लोक काय देणार. पण छोट्या फाउंड्र्यांना आणि पॅटर्न शॉपना पूर्ण पगाराचा डिझाइनर परवडत नाही आणि गिऱ्हाइकाकडून येतं ते नुसतं तयार पार्टचं मॉडेल. त्यातून ओतायचा भाग बनवणं, म्हणजे पार्टिंग लाईन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) ठरवणं, ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून थोडा उतार) देणं, मशिनिंगला दोन-तीन मिलिमीटर माल ठेवणं, हे कुणीतरी करायला लागतं. ते काम एका दिवसाचं असतं, पण दर आठवड्याला असतं.

एका पॅटर्न मिस्त्रींकडं मी स्वतः जाते, ईमेलवर काम होत नाही. वय साठीच्या पुढं, समोर फळी, कानावर पेन्सिल. पुण्याच्या एका पार्टीचं पंप केसिंग होतं. त्यांनी प्रिंट फळीवर पसरली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यो कोअर आत उभा राहणार कशावर? हवंत?" पार्टीच्या ड्रॉइंगला कोअर प्रिंट, म्हणजे कोअरला साच्यात टेकायची जागा, एकाच बाजूला होता, लांबी बघता तेवढ्यावर कोअर तोलणं शक्य नव्हतं. खडूनं त्यांनी फळीवरच दुसऱ्या टोकाचा आधार काढून दाखवला आणि मी तिथंच लॅपटॉपवर मॉडेल बदललं. घरातून काम करायचं म्हटलं तरी ही अर्ध्या तासाची फेरी माझ्या कामातला सगळ्यात भारी भाग आहे, नाद खुळा.

त्यांच्याकडं पितळी श्रिंकेज पट्टी आहे. ग्रे आयर्न ओतल्यावर साधारण एक टक्का आकसतं, म्हणून त्या पट्टीवरचे १०० म्हणजे खरे १०१ मिलिमीटर. मॉडेलमध्ये मी श्रिंकेज आधीच धरलेलं असेल आणि मिस्त्रींनी पुन्हा त्याच पट्टीनं माप घेतलं तर दोनदा वाढणार. त्यामुळं माझ्या प्रत्येक पॅटर्न ड्रॉइंगवर वरच्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत असतं: 'श्रिंकेज धरले आहे, साधी पट्टी वापरा.' परदेशातला कुठलाही कोर्स हे शिकवत नाही.

आता अडीच गुणांकडं येते. इथली माणसं गोड, चहा पाजतील, "वैनी, जेवूनच जा" म्हणतील, पण बिलाचं नाव काढलं की "बघू की, आमचं पेमेंट आलं की लगेच." एका कारखान्यानं सहा महिने हे ऐकवलं. भांडण केलं नाही, कागद नीट केले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली. आधारवर होते, सरकारी पोर्टलवर एक पैसाही लागत नाही, त्यासाठी पैसे मागणारे एजंट टाळा. मग प्रत्येक बिलावर उद्यम नंबर. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

व्याज मी कुणाला लावलेलं नाही, लावलं तर उद्यमनगरात पुन्हा चहा मिळायचा नाही. खरं काम करतं ते आयकराचं कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष देईल तेव्हाच मिळतो. २०२३-२४ पासून हे लागू आहे आणि प्रत्येक कारखान्याच्या सीएला पाठ आहे. बिलावर नंबर छापायला लागल्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यात अकाउंटंटचे फोन मला येतात, "मॅडम, तुमचं काही राहिलंय का?" शिवाय नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी. जो याला "विश्वास नाही का?" म्हणतो त्याचं काम मी घेत नाही.

परदेशी पैशाचं दुखणं वेगळं. पैसे येतात, पण ते परदेशातून कामाचे म्हणून आले याचा कागद, म्हणजे एफआयआरए, मागून घ्यायला लागतो आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा नंबर, बरोबर लागलाय का ते बघायला लागतं. आमच्या शाखेत पहिल्या वेळी काउंटरवरच्या साहेबांनी मलाच विचारलं, "हे कुठून पाठवलंय, नातेवाईक आहेत का?" आता बिल, करार आणि ईमेलची प्रत आधीच फोल्डरमध्ये ठेवते. डॉलरचा बाजारभाव आणि बँक देते तो भाव यातला फरक हासुद्धा एक न दिसणारा खर्चच आहे, तो दर ठरवताना धरा.

कराचं थोडक्यात. माझ्या सीएनं आयकराच्या कलम ४४एडीएखाली बसवलंय: तांत्रिक व्यवसाय, ७५ लाखांच्या आत जमा आणि रोख पाच टक्क्यांपेक्षा कमी, तर जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर. हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. अॅडव्हान्स टॅक्सही एकदम १५ मार्चच्या आत भरला की झालं. कलमांचे आकडे नव्या आयकर कायद्यात बदललेत, तेव्हा स्वतःच्या सीएला विचारा. इथल्या कंपन्या टीडीएस कापतात, तो २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या यादीत, दिसतोय का हे दर तिमाहीला बघते. जीएसटी नोंदणी २० लाखांपर्यंत नको. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, हा बरेच फ्रीलान्सर विसरतात.

घराबद्दल. लाईट जाते. इन्व्हर्टर होता, पण तो चालू होईपर्यंतच्या क्षणात कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून कॉम्प्युटरला वेगळा यूपीएस. नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर, आणि ते तुटलं की मोबाईलचं. पावसाळ्यात मात्र घरचं काम फायद्याचं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला, तेव्हा मी नोकरीत होते. जुलै उजाडला की अजूनही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय गेलेली नाही, ३९ फूट इशारा, ४३ धोका. फरक एवढाच की आता ती कामावर जाण्यासाठी बघत नाही, शिरोलीची गिऱ्हाइकं ड्रॉइंग घ्यायला येऊ शकतील का यासाठी बघते.

"घरीच आहेस ना" हे वाक्य ऐकायला तयार राहा. सिलिंडर, पार्सल, शेजारच्यांची किल्ली, सगळं आपल्याकडं. सासूबाईंना मी एकदा व्हिडिओ कॉलवर बसवून गिऱ्हाईक दाखवलं, तेव्हापासून दुपारी तीन ते सात दार वाजलं की त्याच उठतात. पीएफ गेला, कंपनीचा मेडिक्लेम गेला, तो स्वतः काढला आणि महाग पडला. घरासाठी कर्ज घ्यायचं असेल तर नोकरी सोडायच्या आधी घ्या, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते.

राहिलं सॉफ्टवेअर. क्रॅक वापरू नका. नैतिकता बाजूला ठेवली तरी युरोपातली गिऱ्हाइकं लायसन्सचं विचारतात. फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरची फुकटातली आवृत्ती धंद्यासाठी नाही, आणि तिच्यात एका वेळी दहाच फाईली बदलता येतात. मी सध्या वर्षाचं पैसे भरलेलं लायसन्स वापरते आणि ते नूतनीकरणाला आलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती आली, फुकट आहे आणि धंद्याला चालते. पूर्वी तिच्यात सुरुवातीचं स्केच बदललं की पुढची होलं, फिलेट्स (गोलावलेले कोपरे) भलत्याच फेसला (पृष्ठभागाला) जाऊन चिकटायची, ते आता पुष्कळ सुधारलंय. दोन पंप केसिंग तिच्यात करून बघितली. ड्राफ्ट द्यायला वेळ जास्त लागला, पण स्टेप फाईल (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणारी) मिस्त्रींच्या सीएनसीवाल्याकडं बिनतक्रार उघडली. या वर्षी मोठी असेंब्ली जुन्या लायसन्सवर आणि सुटी कास्टिंग फ्रीकॅडवर, असं चालवणार आहे.