लॉन लावायचा खरा खर्च किती? बेसाच्या काळ्या मातीत दोनदा लावलं, त्याचा पूर्ण हिशेब

यंदाच्या पावसाळ्यात ज्यांना घरासमोर लॉन लावायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो, कारण मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर माझे सात हजार आणि एक अख्खं वर्ष वाचलं असतं. घर नागपुरात बेसाला आहे, समोर साधारण ४६० स्क्वेअर फूट मोकळी जागा, एका कोपऱ्यात आंबा. ज्या नर्सरीच्या कामाचा हा रिव्ह्यू आहे त्यांनी गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात काम केलं. मुद्दाम वर्षभर थांबलो. नागपूरचा एक मे महिना निघाल्याशिवाय लॉनबद्दल चांगलं बोलण्यात अर्थ नाही.

आधी पहिल्या वेळेचं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी एकाला फोन केला, त्याने १८ रुपये फूट सांगितले, माती-बिती सगळी आहेच म्हणे तुमच्याकडे, फक्त गवताच्या तयार चटया अंथरायच्या. ४०० फुटाचे ७,२०० दिले, एका दिवसात अंगण हिरवंगार, आईने फोटो काढून सगळ्या नातेवाईकांना पाठवले. जुलैमध्ये झड लागली आणि चार-पाच दिवस पाणी गवतावर तसंच उभं राहिलं. पिवळं पडलं, काही ठिकाणी तर सडका वास यायला लागला. थंडीत जरा सावरलं, मग एप्रिलमध्ये खालची जमीन तडकली आणि दोन चटयांच्या मधल्या सांध्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, मुळ्या उघड्या पडून वाळल्या. मे संपता संपता उरलं ते नागरमोथ्याचं तण.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, तिच्यातली चिकणमातीच तशी आहे. कापूस तिच्यात चांगला येतो कारण त्याचं मूळ खोल जातं. लॉनची मुळं वरच्या चार-सहा इंचातच असतात, आणि नेमका तेवढाच थर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होतो. माझे मामा काटोलचे, संत्र्याची बाग आहे, ते बघायला आले तेव्हा म्हणाले, "अरे बापू, पाणी थांबलं की संत्र्याच्या झाडाले डिंक्या लागते, तुह्यं गवत काय टिकन तिथं? पहिले पाण्याले वाट पायजे." त्यांच्या बोलण्यानंतरच मी नीट चौकशी सुरू केली.

आता ही नर्सरी, काटोल रोडच्या बाजूची. तिथले जे दादा जागा बघायला आले त्यांनी आल्या आल्या भाव सांगितलाच नाही. नळी लावून बादलीभर पाणी ओतलं, ते किती वेळात मुरतं ते घड्याळात बघितलं, सब्बल मारून एक फूट खड्डा केला, आणि मग म्हणाले, "भाऊ, गवत स्वस्त आहे, खालचं काम महाग आहे. ते करायचं नसेल तर गवत पण लावू नका." दुसरी गोष्ट म्हणजे आंब्याखालचे ६० फूट त्यांनी सरळ कमी केले. दिवसभर सावली आहे, दोन महिन्यात विरळ होईल, तिथे फरशी टाका किंवा सावलीतली झाडं लावा म्हणाले. स्वतःचं काम कमी करून सांगणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला, आणि मी तिथेच ठरवलं की काम यांनाच द्यायचं.

हिशेब पूर्ण देतो, माझ्याकडे वहीत लिहिलेला आहे. ४०० फूट जागा सहा इंच खोदायची म्हणजे २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास काळी माती बाहेर. दोन मजूर दोन दिवस, ७०० रोजाने २,८०० झाले. मला वाटलं दोन ब्रास म्हणजे दोन ट्रॉल्या, पण खोदलेली माती भुसभुशीत होऊन वाढते, त्यामुळे तीन खेपा लागल्या, १,२०० च्या तीन, ३,६०० रुपये फक्त माती फेकायला! हा खर्च कोणीच सांगत नाही, आणि गल्ली अरुंद असेल तर ट्रॅक्टर आतच येत नाही, मग घमेल्याने वाहायची मजुरी वेगळी.

मग भरणी. एक ब्रास लाल माती ३,५००, अर्धा ब्रास नदीची रेती ती पण ३,५००, आणि अर्धा ब्रास कुजलेलं शेणखत १,५००. रेती बघून मी घासाघीस करायला गेलो, दादा म्हणाले दुसरं काही कमी करा पण हे नको, पाणी खाली उतरवायचं काम तीच करते. सगळं मिसळून सहा इंच भरलं, पाणी मारून रोलर फिरवला तर बसून पाच इंच झालं, वर इंचभराची चटई आली आणि लॉन बरोबर बाजूच्या फरशीच्या लेव्हलला. ही गोष्ट छोटी वाटते, पण पहिल्या वेळी लॉन फरशीच्या वर आलं होतं आणि प्रत्येक पावसात चिखल वरांड्यात यायचा, आई कंटाळून गेली होती.

उतार २० फुटाला अडीच इंच ठेवला, डोळ्याला दिसत नाही पण पाणी नालीकडे जातं. खालच्या कडेला भोकं पाडलेला पाइप गिट्टीत गाडला, १,४००. निंबोळी पेंड २५ किलो १,०००, उधई (वाळवी) आणि मुळं खाणारी हुमणी अळी लागू नये म्हणून. गवत मेक्सिकन, १६ रुपये फूट, कापाकापीत वाया जाणारं धरून ४२० फूट घेतलं, ६,७२०. गाडीभाडं ६००. अंथरायची आणि रोलरची मजुरी ३,०००. एकूण २७,६२०, म्हणजे फुटाला ६९ रुपये. यात गवत जेमतेम चौथा हिस्सा आहे बघा, बाकी सगळं जमिनीखाली गेलं.

तुमची माती मुरमाड असेल, पाणी आपोआप उतरत असेल, तर यातलं खोदाईचं आणि फेकायचं बरंच वाचेल, माझा आकडा डोळे मिटून धरू नका. आणि घाई नसेल तर चटया घेऊच नका, असं त्यांनीच सांगितलं होतं. पावसाच्या सुरुवातीला गवताच्या मुळ्या वीत-वीत अंतरावर टोचल्या तर गवताचा खर्च खूप कमी होतो, फक्त जागा भरायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर तण काढत बसावं लागतं. माझी पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती म्हणून मी चटया घेतल्या. प्लास्टिकचं लॉन पण बघितलं होतं, शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे, उन्हाळ्यात दुपारी त्यावर पाय ठेववत नाही, म्हणून तो विषय सोडला.

अंथरायचं काम बघण्यासारखं होतं. चटया सकाळी कापून त्याच दिवशी आणल्या, कारण थप्पी लावून ठेवल्या की आतून गरम होऊन गवत पिवळं पडतं. सांधे विटांच्या बांधकामासारखे मोडून घेतले, एकासमोर एक नाही, आणि फटींमध्ये माती-रेती भरली. तीन आठवडे कोणी पाय ठेवायचा नाही म्हणून सांगून गेले, आणि चटईचा कोपरा हळूच उचलून बघायचा, उचलला गेला नाही म्हणजे मूळ धरलं. आमचं १८ व्या दिवशी धरलं.

तक्रारी पण आहेत. ठरलेल्या तारखेपेक्षा दोन दिवस उशिरा आले आणि तोवर खोदलेल्या खड्ड्यात पाऊस पडून गेला. रस्त्यावर सांडलेली माती मलाच झाडावी लागली. बिल साध्या कागदावर दिलं. एक चार फुटाचा तुकडा वाळला होता तो बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण तीन फोन करावे लागले. आणि शेणखतातून म्हणा की लाल मातीतून म्हणा, नागरमोथा परत आलाच. तो उपटून जात नाही, खाली गाठ राहते, खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. पहिले दोन महिने रविवारची सकाळ त्यातच गेली.

दरमहाचा खर्च वेगळा धरा. माळी महिन्यातून दोनदा येतो, ६०० घेतो. पाण्याचं आधी समजून घ्या: ४०० फूट म्हणजे ३७ चौरस मीटर, त्यावर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे ३७ लिटर, आणि उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर धरले तरी २२० लिटर होतात. आमच्या हजार लिटरच्या टाकीतलं जवळपास पाव रोज. बोअर आटणाऱ्या भागात राहत असाल तर माझ्या मते ४०० नाही, १५० फूटच लावा. आम्ही मे महिन्यात रोज थोडं-थोडं शिंपडण्याऐवजी एक दिवसाआड पहाटे भरपूर पाणी दिलं आणि गवत दोन इंच उंच ठेवलं, त्याहून खाली कापलंच नाही, त्याने जमीन झाकलेली राहिली. पारा ४५ च्या आसपास होता तेव्हा रंग फिका झाला, पण भेग एकही पडली नाही. संध्याकाळी पाणी मारून आई तिथे बाज टाकते, समोरची भिंत पण आधीसारखी तापत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक उशिराचा आणि त्या तीन फोनचा कापला. आंब्याच्या सावलीच्या कडेला हातभर पट्टी विरळ झाली आहे, दादांनी तेव्हाच सांगितलं होतं पण मी हट्टाने लावून घेतली होती. परवा फोन केला, पाऊस लागला की येतो म्हणाले, ती पट्टी काढून तिथे फरशी बसवून राहिलो.