पुण्यात बायोकेमिस्ट्रीची पीएचडी: एनसीएल, एनसीसीएस, आयसर की विद्यापीठ?

एमएस्सी झाली, जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) निघाली आणि पुणं सोडायचं नाही, अशांसाठी हे लिहितोय. फेलोशिप नसेल तर आधी नेटच्या (ती मिळवून देणाऱ्या परीक्षेच्या) मागे लागा, बाकी विचार नंतर. २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफचे (त्याच फेलोशिपच्या वरच्या टप्प्याचे) ४२,००० मिळतात. ही रक्कम कुठेही गेलात तरी तीच, म्हणून पैशावरून संस्था निवडू नका.

एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, स्थापना १९५०) मुळात रसायनशास्त्राची. एन्झाइम, त्यांची रचना, आंबवण्याची प्रक्रिया यांत रस असेल तर तिथे जा. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा एनसीआयएम हा संग्रह तिथेच आहे. डिग्री एसीएसआयआरची (सीएसआयआरच्या सरकारी प्रयोगशाळांसाठीच्या अकादमीची) मिळते. त्यासाठी ग्रामीण प्रश्नावरचा एक छोटा प्रकल्पही करावा लागतो. बरेच जण त्यावर नाक मुरडतात, मला तो आवडतो.

पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशींचं घर. देशभरच्या लॅबना सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) तिथून जातात. कॅन्सर, इम्युनिटी, सिग्नलिंग (पेशींमधले संदेश) हे विषय असतील तर दुसरीकडे बघूच नका. २००६ साली सुरू झालेली आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) एनसीएलच्या शेजारी. डिग्री स्वतःची देते, बीएस-एमएसची (पदवी अभ्यासक्रमाची) पोरं लॅबमध्ये असतात, त्यामुळे शिकवण्याची सवय आपोआप लागते. विद्यापीठात मोकळीक जास्त, पण उपकरणांसाठी सहसा दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. ई. कोलाय या जीवाणूमध्ये प्रोटीन भरपूर बनतं, पण पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं की सगळं पेलेटमध्ये, म्हणजे तळाच्या गाळात: इन्क्लुजन बॉडीज, न विरघळणारे प्रोटीनचे गोळे. मग आयपीटीजी (प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) कमी करा, तापमान ३७ वरून १८ वर आणून रात्रभर ठेवा, टॅग (प्रोटीनला जोडलेला छोटा तुकडा) बदला. त्यातच प्रोटीन शुद्ध करायचा निकेलचा रेझिन संपला आणि खरेदीची फाइल अडकली की महिना गेलाच. शेजारच्या लॅबमधून थोडा रेझिन उसना मिळतो का, यावर तुमचं एक सेमिस्टर ठरतं. एका आवारात प्रोटीनवाल्या चार लॅब असणं म्हणूनच महत्त्वाचं.

तरी माझ्या मते संस्थेपेक्षा गाइड मोठा. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये चहाला गाठा आणि विचारा: मागचा रिएजंट यायला किती दिवस लागले? आधीचे किती वर्षांत सुटले? ड्राफ्ट सर वाचतात का? गाइडच्या निवृत्तीची तारीखही बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. पण चार वर्षं उरलेला गाइड नियमात बसला तरी तुमच्या पाचव्या वर्षात तो खुर्चीत नसेल.

त्याच नियमांनी थिसिसआधी पेपर छापण्याची सक्ती काढली. पोस्टडॉकच्या मुलाखतीत मात्र पहिला प्रश्न पेपरचाच येतो, तेव्हा ती सूट धरून चालू नका.