विंचवाचे विष ‘ओढून घेणारा’ काळा दगड : आमची झालेली फसवणूक

विंचवाचे आणि सापाचे विष ओढून घेतो असे सांगून एका विक्रेत्याने आम्हाला एक काळा, चपटा, गुळगुळीत दगड विकला. तो दगड घरात होता म्हणूनच आमच्या सात वर्षांच्या मुलाला विंचू चावल्यावर त्याला रुग्णालयात न्यायला जवळजवळ तीन तास उशीर झाला. मुलगा वाचला. तरीही असा दगड आणखी कुणी विश्वासाने जपून ठेवला असेल, या काळजीने हे सविस्तर लिहीत आहे.

डबीत दगडासोबत एक छापील कागद होता. दंशाच्या जागी टोचून रक्ताचा थेंब काढावा, त्यावर दगड ठेवावा, विष शोषून झाले की तो आपोआप गळून पडेल, मग तो दुधात टाकावा, बुडबुडे आले की विष दुधात उतरले असे समजावे आणि ठणका थांबला की रुग्ण बरा झाला, असे त्यात लिहिले होते.

त्या रात्री मुलाने बुटात पाय घातला आणि तो किंचाळला. बूट झटकला तेव्हा बोटाएवढाही नसलेला लालसर विंचू बाहेर पडला. आम्ही कागदाबरहुकूम सगळे केले. दगड अंगठ्याला घट्ट चिकटला, वीस मिनिटांनी गळून पडला, दुधात बुडबुडे उठले आणि मुलाचे रडणेही थांबले. आम्ही निर्धास्त झालो. तासाभरात त्याला दोन उलट्या झाल्या, सदरा पिळून काढावा इतका घाम आला, तोंडातून लाळ गळू लागली आणि तळपाय बर्फासारखे गार पडले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “दादा, घाबरू नका, उरलेले विष उलटीतून बाहेर पडते आहे, दगड परत लावा.” आम्ही परत लावला. मुलाला धाप लागली तेव्हाच आम्ही भानावर आलो.

रुग्णालयात डॉक्टरांनी जे समजावले, ते आधी माहीत असते तर आम्ही एक क्षणही घालवला नसता. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या उघड्या ठेवते, त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते. उलटी, भरपूर घाम, लाळ, गार हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा ही विष अंगात भिनल्याची लक्षणे आहेत. ज्यांना विष बाधते, त्यांच्यात दंशाच्या जागचा ठणका पुष्कळदा कमीच असतो. म्हणजे ज्या खुणेवरून आम्ही मूल बरे झाले असे मानले, ती खूण मुळातच खोटी होती. मुलांचे वजन कमी असल्याने त्यांना धोका अधिक असतो.

त्याला प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचवावरचे प्रतिविष देण्यात आले. सापावरची लस विंचवाच्या विषावर चालत नाही, हेही मला तिथेच कळले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन विंचूदंशावर वापरण्याची पद्धत महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रूढ केली. त्यांचा त्यावरील लेख 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या 2011 मधील अभ्यासात दिसले. ही गोळी घरी देण्याची नाही, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. आमच्या मुलालाही उठून बसू दिले नव्हते. वजनानुसार मात्रा ठरवून दर तीन तासांनी गोळी देत, तळपाय ऊबदार झाले की नाही, हे परिचारिका हाताने पाहत होत्या. पहाटे त्या म्हणाल्या, “आता पाय गरम लागतायत, हात लावून बघा.” मी तळपायांना हात लावला आणि तिथेच मला रडू कोसळले.

घरी आल्यावर मी तोच दगड स्वतःच्या ओल्या तळहातावर ठेवला. तो तिथेही चिकटला आणि ओल शोषून झाल्यावर गळून पडला. कोरडा करून साध्या पाण्यात टाकला तर बुडबुडे आले. असे दगड बहुधा जाळलेल्या हाडाचे असतात. त्यांना असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे ते ओलाव्याला चिकटतात आणि आतली हवा बाहेर पडते, तिचेच बुडबुडे होतात. नांगीतून आत गेलेले विष रक्तात मिसळलेले असते. ते ना दगडाने निघते, ना चिरा देऊन, ना चोखून.

विक्रेत्याला मी हे सगळे सांगितले आणि पैसे परत मागितले. दगड पुरता भरण्याआधीच आम्ही तो काढला असणार, असे उत्तर देऊन त्याने फोन ठेवला, आणि त्यानंतर माझा क्रमांक त्याने बंद केला आहे. ती डबी आणि तो कागद मी फेकलेला नाही. दोन्हींची छायाचित्रे जोडून मी लेखी तक्रार दिली आहे, आणि कागदावरील ‘ठणका थांबला की रुग्ण बरा झाला’ या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली आहे.