काल्टर हुंड की चोकोतोर्ता?

दोन्ही चॉकलेटी चवीचे, फ्रिजमध्ये जमवायचे गोड केक. ओव्हन दोन्हींना लागत नाही, थर दोन्हींत बिस्किटांचेच. निवडताना बघायचं एवढंच, की थरांमधल्या मिश्रणात पाणी आहे की नाही. नुसत्या चरबीत बिस्किट कुरकुरीत राहतं, ओलसर क्रीममध्ये रात्रभरात केकसारखं मऊ होतं.

काल्टर हुंड जर्मनीचा. हॅनोव्हरच्या बालसेन कंपनीची लायब्निझ बिस्किटं (1891 पासूनची) आणि नारळाची घट्ट चरबी हा त्याचा पाया. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांच्या वाढदिवसाला तो घरोघरी होऊ लागला. जुन्या कृतीत कच्ची अंडी असतात, ती टाळलेलीच बरी. 25 सेंमीच्या ब्रेड टिनला 250 ग्रॅम बटर बिस्किटं (आपलं मारी चालतं), 300 ग्रॅम डार्क चॉकलेट आणि 150 ग्रॅम बिनवासाचं खाण्याचं खोबरेल तेल पुरतं. गरम पाण्यावर भांडं ठेवून चॉकलेट आणि तेल वितळवा. आत पाण्याचा थेंब गेला, तर चॉकलेट गुठळ्या धरतं. मिश्रण कोमट आणि दाटसर झाल्यावरच ओता. गरम ओतलं की बिस्किटं तरंगतात आणि थर सरकतात. बटर पेपर लावलेल्या टिनमध्ये मिश्रणाचे 3-4 मिमीचे थर द्या, मधेमधे बिस्किटं लावा, 5 तास फ्रिजमध्ये ठेवा. कापण्याआधी 10 मिनिटं बाहेर काढा, नाहीतर सुरी लावताच तुकडे उडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसा आणि सेंटिमीटरभर जाडीचे काप काढा.

चोकोतोर्ता अर्जेंटिनाची, 1982 मधली. जाहिरात क्षेत्रातल्या मारिते माब्रागान्या यांनी चोकोलिनास बिस्किटं आणि मेंदिक्रिम क्रीम चीज एकत्र खपावं म्हणून ती रचली. क्रीम चीज आणि दुल्से दे लेचे (दूध-साखर आटवून केलेलं दाट कॅरमेल) प्रत्येकी 500 ग्रॅम, कोकोची पातळ साधी बिस्किटं 500 ग्रॅम, बुडवायला दूध किंवा गार कॉफी. दुल्से दे लेचे चमच्यावरून गोळ्याने पडेल इतकं घट्ट हवं. सैल असेल तर काप उभा राहत नाही. ते आणि क्रीम चीज बीटरने नव्हे, उलथन्याने हलकेच कालवा. बीटर फिरवला की चीज पातळ होतं. बिस्किट दुधात सेकंदभरच, जास्त वेळ ठेवलं तर लगदा होतो. निदान 8 तास फ्रिज.

खोबरेल तेल 24-25 अंशांना वितळतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात काल्टर हुंड टेबलावर मऊ पडतो, डब्यातून न्यायचा तर थंडीतच. घरी पाहुणे असतील आणि आदल्या रात्री करून ठेवायचं असेल, तर चोकोतोर्ता करा. फ्रिजमधून थेट पानात वाढा.