शहरातली काटेसावर टिपण्यासाठी कॅनन ५५-२५० एसटीएम लेन्स
माघ सरता सरता ठाण्यातल्या काटेसावरी पाने गाळून नुसत्या लाल फुलांनी भरून जातात आणि छायाचित्र काढणाऱ्याची खरी अडचण तेव्हाच सुरू होते, कारण फुलांच्या मागे केबलच्या तारा, जाहिरातीचे फलक आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतातच. गेले तीन वसंत मी कॅननची ५५-२५० मिलिमीटर एसटीएम (फोकससाठी स्टेपिंग मोटर असलेली) झूम लेन्स वापरत आहे आणि शहरातल्या झाडांसाठी ती मला मनापासून आवडली आहे.

२०१३ साली आलेल्या या लेन्सचे वजन जेमतेम ३७५ ग्रॅम आहे. तिचा मोठा गुण म्हणजे २५० मिलिमीटरवर, म्हणजे झूमच्या लांब टोकाला, पार्श्वभूमीचा अगदी छोटा तुकडाच चौकटीत येतो. त्यामुळे पदपथावर दोन पावले डावीकडे सरकले, की मागचा फलक जाऊन तिथे इमारतीची सावली किंवा येऊरच्या डोंगराचा करडा पट्टा येतो. ८५ सेंटिमीटरपर्यंत फोकस होत असल्याने खाली झुकलेल्या फांदीवरचे तळहाताएवढे फूल चौकट भरून टाकते. जाड, मांसल पाकळ्या, केसरांच्या टोकांचे काळसर परागकोश आणि परागाने माखलेले बुलबुलाचे डोके, सारे स्वच्छ उमटते. फोकस करताना पुढची काच फिरत नाही, म्हणून पोलरायझर फिल्टर एका कोनात लावून पाकळ्यांवरची चकाकी कमी करता येते.

मात्र लांब टोकाला ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे प्रकाश कमी मिळतो. लेन्समधील स्थिरीकरण हाताची थरथर सावरते, वाऱ्यावर हलणारी फांदी नव्हे. हे ध्यानात न घेता मी एका रविवारी १/१२५ सेकंदावर काढलेली जवळजवळ सगळी छायाचित्रे पुसट आली. आता मी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवून शटरचा वेग १/८०० सेकंदाच्या खाली उतरू देत नाही आणि लाल रंगातले बारकावे जाऊ नयेत म्हणून एक्स्पोजर, म्हणजे छायाचित्राचा उजेड, थोडा (दोन-तृतीयांश स्टॉपने) कमी ठेवतो. लेन्सवर येणारे तिरपे ऊन अडवणारा हूड वेगळा विकत घ्यावा लागतो, पण तो जरूर घ्यावा.

पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या बाजूला गुलाबी टॅबेबुयांची रांग फुलते, तेव्हा हीच लेन्स ५५ वर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यावर, आणावी आणि गाडी महामार्गावर न थांबवता पदपथावरून, सकाळच्या तिरप्या उन्हात ती रांग टिपावी.