ग्रुप शो, सोलो की मांडणशिल्प: एकच संध्याकाळ असेल तर आधी काय बघायचं?

कम्युनिटी गॅलरीत नवं काही लागलं की बऱ्याचदा एकदम दोन-तीन प्रदर्शनं लागतात. मोठ्या हॉलमध्ये ग्रुप शो, बाजूच्या खोलीत कुणा एकाचा सोलो, आणि मागे पडदा लावलेल्या अंधाऱ्या खोलीत मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू मांडून अख्खी जागाच कलाकृती केलेली) नाहीतर व्हिडिओ. वेळ असतो तासभर. मग मला विचारतात की पहिल्यांदाच चाललोय, कुठून सुरू करू?

बहुतेकजण सांगतात की ग्रुप शो बघ, सगळं थोडं थोडं बघायला मिळेल. माझं मत बरोबर उलटं आहे. नवीन माणसाने आधी सोलो बघावा.

कारण सांगते. ग्रुप शोमध्ये समजा साठ कामं आहेत आणि ती चाळीस जणांची आहेत, तर दर दीड पावलावर तुम्हाला नवी भाषा सुरुवातीपासून समजून घ्यावी लागते, आणि विसाव्या चित्रापर्यंत डोळे इतके थकतात की पुढची चाळीस आपण फक्त ओलांडतो. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये लोक एका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात हे मोजलं होतं, २००१ मध्ये ते छापून आलं, सरासरी निघाली साधारण २७ सेकंद, आणि तीही नावाजलेल्या कामांसमोर. सोलोत मात्र तोच हात पुन्हा पुन्हा भेटतो. अमूर्त चित्रांच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. एकटं अमूर्त चित्र समोर आलं की "यात काय कळायचं" असं होतं, पण त्याच चित्रकाराची बारा चित्रं ओळीने बघितली की पाचव्या-सहाव्याला लक्षात येतं अरे हा माणूस कडा नेहमी मोकळ्या सोडतो, लाल रंग फक्त एका कोपऱ्यात येतो, आणि मग सातवं चित्र आपोआप वेगळं दिसायला लागतं. हे कुणी शिकवावं लागत नाही.

सोलोचा तोटा पण आहेच. नाही आवडलं तर अख्खी खोलीच आवडत नाही, दुसरं काही बघायला तिथे नसतं.

आता ग्रुप शो. यात आधी एक चौकशी करा, की हा ओपन कॉल आहे, म्हणजे कुणीही काम पाठवावं असा, की क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनाची मांडणी ठरवणाऱ्याने, निवडलेला? दोन्ही पोस्टर सारखीच दिसतात पण आत फार फरक असतो. क्युरेटरने लावलेला असेल तर दोन कामं शेजारी का आहेत याला काहीतरी कारण असतं, ते शोधण्यात मजा आहे, आणि दारापाशी लावलेला मजकूर आधी वाचलात तर जास्त सापडेल. ओपन कॉलमध्ये पेन्सिलचं एखादं शांत रेखाटन भल्यामोठ्या चकचकीत कॅनव्हासशेजारी येतं आणि बिचारं दिसतच नाही. १९१७ मध्ये न्यूयॉर्कला इंडिपेंडंट आर्टिस्ट्सचं प्रदर्शन झालं होतं, सहा डॉलर भरा आणि काम लावा, निवड समिती नाही, बक्षीस नाही, आणि कुणावर अन्याय नको म्हणून कामं चक्क आडनावांच्या अक्षरक्रमाने लावली होती. तिथेच मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने टोपणनावाने कलाकृती म्हणून पाठवलेली युरिनल, नाव 'फाउंटन', नाकारली गेली आणि सगळ्यांना प्रवेश म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली, द्युशाँ स्वतः संचालक मंडळावर होता, त्याने राजीनामा दिला. दार सगळ्यांना उघडं ठेवणं किती अवघड असतं हे त्यात दिसतं, आणि म्हणूनच जी छोटी गॅलरी खरंच ओपन कॉल चालवते तिच्याबद्दल मला फार आदर आहे. कुणाचं तरी आयुष्यातलं पहिलं फ्रेम केलेलं काम तिथे लागलेलं असतं.

विकत घ्यायचा विचार असेल तर मात्र ग्रुप शोच आधी. छोटी कामं आणि प्रिंट्स तिथे जास्त सापडतात. प्रिंटखाली ३/२५ असं लिहिलेलं असेल तर एकूण पंचवीस प्रतींपैकी ही तिसरी. लाल टिकली लागली असेल तर ते विकलं गेलंय, पण एडिशनमधली दुसरी प्रत शिल्लक असू शकते, विचारायला लाजू नका.

मांडणशिल्प हा प्रकार वेगळाच. ते फोटोत येत नाही, आणि प्रदर्शन संपलं की बऱ्याचदा मोडून टाकतात, म्हणून शेवटचा आठवडा चालू असेल तर माझा वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि हेच बघा. फेलिक्स गोन्झालेस-टोरेस या कलाकाराचं १९९१ चं काम आहे, कोपऱ्यात रंगीत कागदातल्या खायच्या गोड गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पाउंड, येणाऱ्याने एक उचलून न्यायची. तो ढीग म्हणजे त्याचा एड्सने गेलेला जोडीदार रॉस, गोळ्या कमी होत जातात तसं ते शरीर झिजतं आणि पुन्हा भरलंही जातं. फोटोत नुसत्या गोळ्या दिसतात, तिथे वाकून एक उचलताना काय होतं ते फोटोत कुठून येणार. पण प्रत्येक ठिकाणी हात लावलेला चालतोच असं नाही, आधी विचारा. मुलं बरोबर असतील तर सगळ्यात रमतील इथेच. वयस्कर कुणी असेल तर जमिनीवरच्या वायरी आणि अंधार बघून घ्या.

व्हिडिओ असेल तर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारी फेरी, किती मिनिटांचा आहे हे दारातच विचारा. बारा मिनिटांचा असेल तर पूर्ण बघा, मधून शिरलात तरी चालेल, सुरुवात परत येतेच. क्रिस्टियन मार्कले या कलाकाराचं 'द क्लॉक' हे व्हिडिओचं काम २४ तासांचं आहे, तसं काही असेल तर अर्धा तास बसून उठायला हरकत नाही.

आणि उद्घाटनाच्या दिवशी जायचं की नंतर? कलाकाराला भेटायचं असेल तर उद्घाटन, कामं बघायची असतील तर मधल्या वारी दुपारी, गर्दीत माणसांच्या पाठीच दिसतात. सोलोचा कलाकार तिथेच बसलेला असेल तर "याचा अर्थ काय" असं नका विचारू, "यातलं आधी कुठलं केलं?" असं विचारा. मी हे एकदा विचारलं तेव्हा ती बाई उठून मला दाराजवळच्या एका लहानशा चित्रापाशी घेऊन गेली, जे मी येताना पाहिलंच नव्हतं, आणि तिथून आम्ही दोघींनी अख्खी खोली पुन्हा पहिल्यापासून बघितली.