बोअरच्या पाण्याचे काचेवरचे डाग: व्हिनेगर की लिंबूसत्व?

शॉवरच्या काचेवर उमटणारे पांढरे ठिपके म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते साबणाने निघत नाहीत, आम्लात विरघळतात. साबणाचा चिकट थर मात्र आधी भांड्यांच्या लिक्विडने काढून घ्या, नाहीतर आम्ल डागापर्यंत पोचतच नाही.

पांढरं व्हिनेगर तयार मिळतं. त्यात आम्ल साधारण ४–५ टक्के. समप्रमाणात पाणी घालून फवारायचं, दहा मिनिटांनी पुसायचं. आठवड्याच्या ताज्या डागांना एवढं पुरतं. वास मात्र बाथरूममध्ये बराच वेळ घुटमळतो.

जुन्या, जाड थराला लिंबूसत्व बरं. अर्धा लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम पूड विरघळवली की सुमारे ६ टक्क्यांचं द्रावण होतं. वास नाही, आणि किराणा दुकानात सुटी पूड स्वस्त पडते. उभ्या काचेवरून द्रावण ओघळून जातं, म्हणून टिश्यू पेपर भिजवून डागावर चिकटवा, पंधरा मिनिटं ठेवा, मग नायलॉनच्या घासणीने हलकेच घासा. तारेची घासणी नको, चरे पडतात. नीट धुतलं नाही तर काच चिकट लागते. उरलेल्या द्रावणाला बुरशी येते, त्यामुळे लागेल तेवढंच करा.

दोन्ही आम्लं संगमरवर, कोटा आणि कडप्प्याची चकाकी घालवतात. खालची फरशी आधी ओली करा आणि नंतर भरपूर पाणी ओता. ब्लीचमध्ये यातलं काहीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आमची पसंती लिंबूसत्वालाच. पण रोज अंघोळीनंतर वायपर फिरवणाऱ्या घरात व्हिनेगरची बाटलीही महिनोन्‌महिने पुरते.